तक्रारपेटीतली चार अंडी

एका जंगलात पत्रावळींचा कारखाना होता. कुठल्या जंगलात, असं विचारायला ज्यांनी हात वर केला आहे त्यांनी तो खाली घ्यावा. जंगलाचं नाव सांगितलं की तिथले रहिवासी खुलासा मागणारी पत्रं पाठवतात, आणि मला उत्तरं लिहायचा कंटाळा आहे.

तर कारखान्याचे मालक होते तुंगाजीशेठ. जातीनं गवा. अंग काळंभोर, चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि आवाज असा की त्यांनी नुसतं 'पाणी आण' म्हटलं तरी ओढ्यापलीकडची हरणं पळत सुटायची. मनानं ते वाईट नव्हते. पण मन पडलं आत, आणि आवाज बाहेर. त्यामुळे कामगारांची गाठ आधी आवाजाशी पडे, आणि मग मनापर्यंत जायला कुणी थांबत नसे.

कारखान्यातलं काम सोपं होतं. माकडं पळसाची पानं तोडून आणत. खारी ती पानं एकाला एक लावून टाचत. टाचायला चोया लागत, आणि चोया निघत साळूबाईच्या काट्यांतून. साळूबाई म्हणजे साळिंदर. दिवसाला तिचे दोन काटे आपसूक गळत. खारी ते काटे दातांनी उभे चिरत, बारीक बारीक चोया काढत आणि पानाला पान टाचत. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणाला काही दुखत नव्हतं.

पण त्या वर्षी सशांच्या घरात लग्न निघालं. सशांकडे लग्न निघालं की एक निघत नाही, हे तुम्हांला ठाऊक असेलच. ठाऊक नसेल तर मोठेपणी कळेल. पत्रावळींची मागणी चौपट झाली. तुंगाजीशेठ कारखान्याच्या दारात उभे राहिले आणि गरजले,

"साळूबाई! उद्यापासून रोज पाच काटे!"

"शेठ, माझे तर दोनच गळत्यात."

"मग तीन उपट!"

"उपटू? ते काय गवत हाय व्हय? काटा गळतो शेठ, उपटत न्हाईत. त्यापरीस मी काय म्हंते, ती आपली दारातली—"

"उलट बोलू नकोस!"

"उलट कुठं बोलतीय? ती दारातली—"

"ओरडू नकोस!" तुंगाजीशेठ इतक्या जोरात ओरडले की छपरावरच्या दोन खारी खाली पडल्या.

साळूबाई ओरडत नव्हती. तिला ओरडता येतच नव्हतं. ती फक्त काटे खुळखुळवू शकत होती, आणि तेवढे तिनं खुळखुळवले. शेठना तोही उर्मटपणा वाटला.

भांडण पेटलं. आता तुम्ही म्हणाल, मग जायचं वाघोबांकडे न्याय मागायला. कायदा तसाच होता. मालक-नोकरांचा वाद आपसात मिटला नाही, तर येत्या पौर्णिमेला दोघांनी वाघोबांपुढे हजर व्हायचं. एकानं बोलावलं की दुसऱ्याला जावंच लागे. मागच्या साली मधाच्या दुकानातलं अस्वल आणि त्याच्याकडे कामाला असलेली घोरपड असा वाद घेऊन गेले होते. वाघोबांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मोठ्या मनानं दोघांचेही अपराध पोटात घातले. अपराधांबरोबर दोघेही गेले. तेव्हापासून मधाचं दुकान बंद आहे.

म्हणून शहाणे प्राणी म्हणत, वाद कारखान्याच्या आत मिटलेला बरा.

हे सर्वांत जास्त कोण म्हणे? तर मुंगूसराव. मुंगूसराव हे कारखान्याचे प्राणीबळ अधिकारी. शेजारच्या जंगलातून शिकून आलेले. ते भांडणाला भांडण कधीच म्हणत नसत, 'मतभिन्नता' म्हणत. एखादी खार रडत आली तर ते तिला 'भावनिक घटक' म्हणत. त्यांनी शेठना सांगितलं, "शेठ, आपल्याकडे यंत्रणाच नाही. तोंडी बोलण्यानं मतभिन्नता वाढते. तक्रार लेखी हवी. पेटी बसवू."

लगेच सुतार पक्ष्याकडून सागाची एक पेटी करून घेतली. पुढं पान टाकायला गोल भोक. वर झाकण. झाकणाला कुलूप. किल्ली शेठच्या गळ्यात. पेटी कारखान्याच्या दारातल्या बाभळीला टांगली आणि मुंगूसरावांनी पळसाच्या पानांवर नियम लिहून काढले. तक्रार पानावर लिहावी. पान घडी न घालता टाकावं. पेटी दर पौर्णिमेला समितीसमोर उघडली जाईल. निकाल लागेपर्यंत मालकाचा हुकूम चालू राहील.

समितीत तिघे जण होते. एक तुंगाजीशेठ, दुसरे तुंगाजीशेठांचे मेहुणे, आणि कामगारांचा प्रतिनिधी म्हणून कासव. कासवाचं नाव मुंगूसरावांनीच सुचवलं. कुणी काही विचारलं की कासव मान आत घेई. प्रतिनिधीनं असंच संयमी असावं, असं मुंगूसरावांचं मत होतं.

साळूबाईनं एक पान घेतलं. त्यावर तीन ओळी लिहिल्या. पान भोकातून आत टाकलं आणि ती पौर्णिमेची वाट पाहू लागली. दोन आठवडे होते. रोज दोन काटे गळायचे आणि तीन उपटावे लागायचे, कारण हुकूम चालू होता. उपटताना ती दुसरीकडे बघायची.

चौथ्या दिवशी पेटीत दयाळबाई राहायला आल्या.

दयाळ पक्षी तुम्ही पाहिला असेल. काळा-पांढरा, शेपूट उभी. दयाळबाई त्याच जातीतल्या, पण रंगानं जरा राखी आणि स्वभावानं जरा तिखट. त्यांना बाळंतपणासाठी जागा हवी होती. सागाची नवी पेटी, गोल दार, वर पक्कं छप्पर, आत मऊ पान. "कुणीतरी विचार करून बांधलंय हो," असं म्हणून त्या आत शिरल्या, आणि आठवड्याच्या आत त्यांनी चार अंडी घातली.

झाली पंचाईत. भरल्या घरट्याला कुणी हात लावायचा नाही, हा जंगलातला सर्वांत जुना नियम. तो वाघोबाही पाळतात. आता पेटी उघडायची कशी?

मुंगूसरावांनी लगेच परिपत्रक काढलं. "तक्रार निवारण पुढील पौर्णिमेपर्यंत स्थगित. हुकूम चालू." एवढं लिहून झाल्यावर ते पेटीकडे बघत म्हणाले, "तरीपण अंडी खरोखर आहेत का, याची मी आत जाऊन पाहणी करतो." आणि त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

मुलांनो, मुंगूस अंडी पाहून थांबत नाही.

साळूबाई पेटीखालीच उभी होती. ती नुसती पाठ फिरवून उभी राहिली आणि होते नव्हते तेवढे काटे उभारले. मुंगूसरावांना एकदम आठवलं की आपल्याला दुसरीकडे बैठक आहे. त्या दिवसापासून काम संपलं की साळूबाई बाभळीखाली येऊन बसायची. काटे कमी झाले होते, पण मुंगसाला पुरेसे होते.

पौर्णिमेला तीन दिवस उरले. साळूबाईच्या पाठीवर पत्रावळीएवढं टक्कल पडलं होतं. ओढ्याकाठी बिबट्या फिरतोय अशी बातमी होती, आणि बिबट्याला साळिंदर आवडतं. काट्यांमुळे गिळता येत नाही, एवढीच त्याची अडचण असते. साळूबाई सरळ शेठकडे गेली.

"शेठ, पुढच्या पुनवंपतुर म्या टकली व्हनार. टकली होऊन बिबट्याच्या तोंडी जायचं, त्यापरीस मानानं वाघोबाच्या तोंडी जाते. या पुनवंला यायचं तुमी बी. कायदा हाय."

एवढं बोलून ती बाभळीखाली आपल्या जागी जाऊन बसली.

तुंगाजीशेठना मधाच्या दुकानातलं अस्वल आठवलं. अस्वल त्यांच्यापेक्षा लहान होतं, पण वाघोबांना मोठ्याचंही वावडं नव्हतं. शेठना काळजी लागली. काळजी लागली की त्यांच्या मानेला खाज सुटे, आणि खाज सुटली की ते दारातल्या बाभळीला मान घासत. ही त्यांची जुनी सवय. ते तडक बाभळीपाशी गेले आणि त्यांनी मान घासायला सुरुवात केली.

झाड हललं. पेटी हलली. आत चार अंडी एकमेकांवर आपटली.

भोकातून दयाळबाईंचं डोकं बाहेर आलं आणि त्यांनी शेठच्या कानावर अशी चोच मारली की शेठच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"कोण मेला तो झाड हलवतोय?"

"मी मालक आहे!" शेठ गरजले. पेटी पुन्हा हलली.

"असशील पत्रावळींचा. इथं आवाज करायचा नाही. एक जरी अंडं फुटलं ना, तर जंगलभर सांगेन की गव्यानं माझं घर मोडलं. मग बघू पुढच्या सशाच्या लग्नात तुझ्या पत्रावळीवर कोण जेवतंय."

हे ऐकून शेठनी तोंड मिटलं.

"आणि ही साळूबाई," दयाळबाई म्हणाल्या, "रोज माझ्या दाराशी पहारा देते. तिच्या पाठीकडे बघवत नाही मला. काय भांडण आहे तुमचं ते इथं माझ्यासमोर मिटवा. पण हळू. अगदी हळू."

आता तुंगाजीशेठ जन्मात कधी हळू बोलले नव्हते. त्यांनी प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग खोकला आला. मग अगदी बारीक, चिरका असा आवाज आला. तो ऐकून छपरावरच्या खारी एकमेकींकडे बघू लागल्या.

"साळूबाई," शेठ कुजबुजले, "उत्पादन वाढलंच पाहिजे."

हेच वाक्य त्यांनी कारखान्यात शंभरदा गरजून म्हटलं होतं, आणि दर वेळी माकडं थरथर कापली होती. कुजबुजून म्हटल्यावर ते भलतंच पोरकट वाटलं. शेठना स्वतःलाच वाटलं.

"काय म्हंता?" साळूबाईनं विचारलं. तिला ऐकू आलं नव्हतं.

शेठ आणखी जवळ गेले. कुजबूज ऐकू यायला जवळच जावं लागतं, त्याला इलाज नाही. इतके जवळ गेले की साळूबाईची पाठ त्यांच्या नाकाला लागली, आणि नाकाला काहीच टोचलं नाही. त्यांनी डोळे खाली करून पाहिलं. तिथं टक्कल होतं. मधूनमधून काटे उपटल्याचे लाल ठिपके होते.

"हे काय गं?"

"तुमच्या सशांच्या पत्रावळी."

"दुखतं?"

"दुखतंय की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की, शेठ. तवा तुमी बोलत व्हता."

तुंगाजीशेठना लाज वाटली. खरीखुरी लाज, कान गरम होतात ती. एवढं मोठं जनावर, पण कुठं बघावं हे त्याला कळेना. त्यांनी मान खाली घातली, तेव्हा साळूबाईला त्यांच्या मानेत काहीतरी दिसलं.

"शेठ, तुमच्या मानंत काय रुतलंय?"

"काही नाही. बाभळीचा काटा. मान घासली की रोज चार-दोन रुततात."

"रोज?"

"रोज. चांगले लांब असतात, टोकदार. मोडत पण नाहीत लवकर." एवढं बोलून शेठ थांबले. त्यांनी हळूहळू मान वर केली. बाभळीकडे पाहिलं. खालपासून वरपर्यंत पाहिलं. बाभळीवर काट्यांशिवाय दुसरं फारसं काही नव्हतं.

"साळूबाई," ते कुजबुजले, "पानं टाचायला हे काटे चालतील का गं?"

साळूबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, तेच तर म्या पैल्या दिसापासनं सांगाया बघतीय! ती आपली दारातली बाभळ! तुमी पुरतं बोलू दिलं व्हय? मुंगूसराव म्हनलं, लेखी द्या. लेखी बी दिलं. तिसऱ्या वळीत लिवलंय."

"हो, तिसऱ्या ओळीत," दयाळबाई वरून म्हणाल्या. "मी त्याच पानावर बसलेय. मऊ आहे. आता मिळणार नाही."

शेठ हसायला लागले. मोठ्यानं हसायची चोरी, म्हणून तोंड मिटून हसले, आणि त्या हसण्यानं त्यांचं सगळं अंग हललं. साळूबाईही हसली. तिचे उरलेले काटे खुळखुळले, आणि या वेळी तो उर्मटपणा आहे असं कुणाला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी माकडांनी पानांबरोबर बाभळीचे काटे तोडून आणले. खारींनाही बरं वाटलं, कारण ते चिरावे लागत नव्हते. सशांची लग्नं पार पडली. पौर्णिमेला वाघोबा वाट पाहून उपाशी झोपले.

आणि बाभळीखाली रांग लागली. ज्याचं कुणाशी वाजलं असेल तो त्याला घेऊन तिथं येई आणि दोघं कुजबुजत. माकडं म्हणाली, आम्हांला दुपारी घटकाभर झोप हवी. शेठ कुजबुजले, निजा, पण वाटेत आडवे होऊ नका, माझा पाय पडतो. मिटलं. मेहुण्यांबद्दल खारींचं काही म्हणणं होतं, तेही मिटलं. मेहुणे गावी गेले. दयाळबाई निकाल वगैरे काही देत नसत. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांचं सगळं लक्ष अंड्यांवर होतं. कुणाचा आवाज चढला की डोकं बाहेर काढून त्या चोच दाखवत, बस.

मुंगूसरावांनी अहवाल लिहिला. "पेटी बसवल्यापासून एकही तक्रार उघडावी लागलेली नाही. योजना संपूर्ण यशस्वी."

यथावकाश चार पिल्लं बाहेर आली. ती ओरडली, खाऊन-पिऊन वाढली आणि एके सकाळी उडून गेली. मागोमाग दयाळबाईही गेल्या. पेटी रिकामी झाली.

गोष्ट इथं संपवावी असं मला फार वाटतं. पण मुंगूसराव ती संपू देत नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला त्यांनी समिती बोलावली. शेठच्या गळ्यातली किल्ली मागून घेतली, पेटी उघडली आणि तळातून साळूबाईचं पान काढलं. पान चुरगळलेलं होतं, त्यावर एक पीस चिकटलं होतं. मुंगूसरावांनी ते झटकलं आणि मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर नियमांची पानं चाळली.

"बाभळीचे काटे वापरावेत, ही सूचना झाली. तक्रार नव्हे. सूचनांची पेटी वेगळी, ती अजून बसवलेली नाही. सबब तक्रार फेटाळली आहे. तक्रार फेटाळली की मूळ हुकूम कायम होतो. साळूबाई, उद्यापासून रोज पाच काटे."

कासवानं मान आत घेतली. साळूबाईनं शेठकडे पाहिलं. तिच्या टकलावर नुकते नवे काटे उगवत होते, बोटभर लांबीचे, अजून मऊ.

तुंगाजीशेठनी छाती भरून श्वास घेतला. माकडांनी कानांत बोटं घातली. दोन खारींनी आधीच छपराला घट्ट धरलं.

शेठनी पेटीकडे पाहिलं. आत कुणी नव्हतं. चोच मारायलाही कुणी नव्हतं. तरी त्यांनी तो श्वास सावकाश सोडला आणि अगदी हळू, त्या बारीक चिरक्या आवाजात म्हणाले,

"मुंगूसराव, ते साळूबाईचं पान परत पेटीत ठेवा. नीट पसरून ठेवा. पीसही ठेवा. आता झाकण लावा. कुलूप घाला. किल्ली द्या. आणि हुकूम कुठं लिहिलाय? नियम कुठं आहेत? सगळी पानं आणा इकडं."

मुंगूसरावांनी पानांचा गठ्ठा पुढं केला.

शेठनी तो खाल्ला.

अहो, गवाच तो! पाला खाणाऱ्याच्या कारखान्यात नियम पानांवर लिहिले, ही चूक मुंगूसरावांची. शेठनी आधी हुकूम खाल्ला, मग नियम, मग यशस्वी योजनेचा अहवाल. सावकाश, रवंथ करत. त्या घासांबरोबर मध्येच किल्लीही पोटात गेली. चुकून गेली, असं शेठ म्हणतात. साळूबाई म्हणते, त्यांनी गिळण्याआधी तिच्याकडे बघून डोळा मिचकावला होता.

मुंगूसराव लिहायला दुसरं पान शोधू लागले, तेव्हा माकडांनी सगळी पानं आधीच टाचायला घेतली होती. ते राजीनामा देऊन शेजारच्या जंगलात गेले. तिथं त्यांना बढती मिळाली.

पेटी अजून बाभळीला आहे. वसंत आला की तुंगाजीशेठ स्वतः तोंडात मऊ गवत आणून भोकाशी ठेवतात, आणि तेव्हापासून मान घासायला दुसऱ्या झाडाकडे जातात. मग एके सकाळी आतून ओळखीचा आवाज येतो, "कोण मेला तो खुडबुड करतोय?" आणि अख्खा कारखाना एकदम हळू बोलायला लागतो.

तात्पर्य : मालक-नोकरांतले वाद कारखान्यातच मिटावेत असं वाटत असेल, तर दारात एक तक्रारपेटी अवश्य टांगावी, तिला भक्कम कुलूप घालावं, आणि किल्ली मालकानं गिळून टाकावी.